फॉर्म ७०० वरच्या दोन सह्या

नाशिकजवळचं ओझर म्हणजे एचएएलचा कारखाना आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. अशा गावात विमानावरच्या गप्पा कांद्याच्या भावाइतक्याच सहज निघतात. पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले मामा-भाचे म्हणजे कोणी ठरावीक माणसं नव्हेत. वयाच्या अटी, परीक्षा आणि फॉर्म मात्र खरे आहेत.

मामा मास्टर वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झालेले, उमेदीची सगळी वर्षं मिग-२१ च्या पोटाखाली गेलेली. भाचा तेवीस वर्षांचा. बारावीनंतर वायुसैनिक म्हणून भरती झाला, आता एअरफ्रेम फिटर आहे. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी मिळवली आणि घरात जाहीर केलं की पायलट व्हायचंय. आईने त्याला आपल्या भावाकडे पाठवलं, समजूत घालायला. कोणी कोणाची घालायची, ते तिने सांगितलं नव्हतं.

मामा : कुठली परीक्षा म्हणालास?

भाचा : ॲफकॅट, हवाई दलात अधिकारी व्हायची. उड्डाण शाखा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र होतंच, पदवीला साठ टक्के लागतात, ते झाले. पायही मोजून घेतले. ९९ सेंटिमीटरच्या वर हवेत, मांडी ६४ च्या आत.

मामा : उंची बापाच्या घराण्याची घेतलीस, बरं झालं. आणि आहे त्या कामात काय खुपलं?

भाचा : काही नाही. काम आवडतं मला.

मामा : आवडतं काम सोडून जाणारा माणूस एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्याला स्वतःलाच कळलेलं नाही.

भाचा : परवाची सकाळची सॉर्टी सांगतो. पायलट माझ्याच वयाचा. शिडीवर चढून मी त्याचे पट्टे आवळले, आधी कमरेचे, मग खांद्यांचे. सीटच्या सेफ्टी पिना काढल्या, मोजल्या, त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या. त्याने मान हलवली. मी उतरलो, शिडी बाजूला घेतली. कॅनोपी बंद झाली, चोक्स निघाले, मी सलाम केला, तो गेला. आणि मी तिथेच शिडी धरून उभा. मामा, आम्ही दोघं एकाच वर्षी बारावी झालो. त्याच्या घरात एनडीए म्हणजे काय ते सांगणारं कोणीतरी होतं. आपल्याकडे भरतीची जाहिरात आली, तिच्यावर जे छापलं होतं त्याचा फॉर्म मी भरला.

मामा : म्हणजे मत्सर.

भाचा : मत्सर असता तर तो पायलट मला आवडला नसता. चांगला पोरगा आहे.

मामा : बरं. उडण्याआधी तो पोरगा खाली एका पुस्तकावर सही करतो. कुठलं पुस्तक?

भाचा : फॉर्म ७००.

मामा : त्याच्या सहीच्या आधी कोणाची असते?

भाचा : माझी. इंजिनवाल्याची. शस्त्रवाल्याची. प्रत्येक ट्रेडची.

मामा : ती नसेल तर तो उडेल?

भाचा : नाही. पण ती असली म्हणून मी उडत नाही.

मामा : महाभारतात रथ कोण हाकत होतं? अर्जुनाचं नाव झालं, पण युद्ध सारथ्याने जिंकलं. सारथी कमी असतो असं तुला कोणी शिकवलं?

भाचा : कृष्णाला निवड होती, मामा. द्वारकेचा राजा तो, हौसेने लगाम धरला. मला बेळगावच्या ट्रेनिंगमध्ये ट्रेड मिळाला. कोणी विचारलं नाही आणि मी मागितला नाही. मला सारथ्य कमी वाटत नाही. निवड न करता मिळालेलं सारथ्य आणि निवडलेलं सारथ्य यांत फरक आहे, एवढंच म्हणतोय. एकदा दुसरं दार ठोठावून मग मी शिडीवर परत आलो, तर ती शिडी माझी.

(मामा इथे थोडा वेळ बोलले नाहीत. हा मुद्दा त्यांना अपेक्षित नसावा.)

मामा : हवेतच जायचंय ना? मग ऑफिसर कशाला व्हायला हवं? एमआय-१७ वर फ्लाइट इंजिनिअर असतो, फ्लाइट गनर असतो. आपल्यातलेच, वायुसैनिक. दोन्ही पायलटांच्या मधे बसतो इंजिनिअर. छातीवर पंखही मिळतो.

भाचा : पंख नकोय. दांडी हातात हवी.

मामा : आत्ता खरं बोललास. उडण्याची हौस नाहीये तुला, ठरवण्याची आहे.

भाचा : असेल.

मामा : मग फिटर ठरवत नाही? एक रिव्हेट ढिलं दिसलं आणि तू म्हणालास, विमान जाणार नाही, तर ते जात नाही. समोर ग्रुप कॅप्टन असला तरी. केवढी सत्ता आहे ती!

भाचा : 'नाही' म्हणायची सत्ता आहे. विमान जाईल की नाही एवढंच मी ठरवतो. गेल्यावर काय करायचं, ते दुसरा कोणीतरी.

मामा : गेलेलं विमान परत आलं नाही तर पहिलं काय होतं, ठाऊक आहे?

भाचा : कागद सील होतात.

मामा : कागद सील होतात. तुझी सही त्या कागदात. मी बसलोय तसा एका संध्याकाळी, हँगरच्या बाहेर. त्या सकाळचा एकेक स्क्रू आठवत. टॉर्क रेंच कुठला घेतला, कोणी पाहिलं, कॉटर पिन वाकवली का. सगळं बरोबर होतं, चौकशीतही तसंच निघालं. पण ते निघेपर्यंत झोप म्हणून लागली नाही. हा धंदा असा आहे. तुझ्या सहीवर दुसरा माणूस वर जातो.

भाचा : म्हणूनच म्हणतो. ज्याचा जीव, त्याचा निर्णय असावा. मला हँगरबाहेर वाट बघत बसायचं नाही.

मामा : मग ही पळवाट झाली. दुसऱ्याच्या जिवाचं ओझं पेलत नाही, म्हणून स्वतःचा जीव पुढे करतोस. त्याला शौर्य म्हणतात लोक, मी नाही म्हणणार.

भाचा : (बऱ्याच वेळाने) तसं थोडं असेलही. पण ओझं तिथे तरी कुठे सुटतं? शेजारी विंगमन असतो. खाली गाव असतं. आणि तुम्ही म्हणता तो विचार पक्का धरला, तर धोक्याच्या कामाची इच्छा धरणारा प्रत्येकजण पळपुटाच ठरेल.

मामांनी आतून चहा मागवला. मला वाटतं, ह्या ठिकाणी दोघंही थोडे हरले. जबाबदारी आणि जोखीम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लष्करी नोकरीत त्या बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात. फिटरकडे जबाबदारी जास्त आणि जोखीम कमी. पायलटकडे दोन्ही, पण त्याची जबाबदारी फिटरच्या सहीवर उभी. एकाला दुसऱ्याच्या जागी जावंसं वाटलं, तर तो वर चढतो असं आपण म्हणतो. पगार आणि हुद्दा पाहिला तर चढतोच. पण कामाच्या दृष्टीने पाहिलं तर तो पानावर सही करण्याची जागा बदलतो.

भाचा : चक यीगर माहीत आहे ना? आवाजाचा वेग ओलांडणारा पहिला माणूस, १४ ऑक्टोबर १९४७. सप्टेंबर १९४१ मध्ये भरती झाला तो मेकॅनिक म्हणून. पहिल्यांदा विमानात बसला तर ओकला.

मामा : आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. अमेरिकेला हजारोंनी पायलट हवे होते, म्हणून साध्या सैनिकाला दार उघडलं. त्याची लायकी होतीच, पण लायक तर आधीही होते की. दार उघडतं ते त्यांच्या गरजेने. १९४० मध्ये इंग्लंडवरच्या लढाईत कितीतरी पायलट सार्जंट होते. तेच स्पिटफायर, तेच हरिकेन, तेच मरण. जेवायला मात्र अधिकाऱ्यांची मेस वेगळी आणि सार्जंटांची वेगळी.

भाचा : आपल्याकडे हरजिंदर सिंग होऊन गेले. इंजिनिअर असून हवाई सिपाही म्हणून लागले, पहिल्या काही जणांपैकी. एअर व्हाइस मार्शल झाले.

मामा : झाले. मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले, तिचं मुख्यालय आता नागपुरात आहे. पण बघ, ते मोठे झाले ते हातात पाना धरूनच. तुझ्या उदाहरणाने माझं काम केलं.

भाचा : तुमचंही नाही झालं. ते अधिकारी झाले, म्हणून हातातल्या पान्याचा उपयोग सगळ्या दलाला झाला.

मामा : ठीक. मग मेसचं सांग. आज ज्याच्याबरोबर एका ताटात जेवतोस, तो उद्या तुला सलाम ठोकणार.

भाचा : आणि मी त्याच्या फॉर्मवर सही करणार. त्या सहीच्या आधी त्याने काय काय केलंय, ते मला माहीत असेल. अकादमीतून थेट आलेल्याला ते ऐकून माहीत असतं.

मामा : ते विसरायला फार दिवस लागत नाहीत. मी पाहिलंय.

भाचा : तुम्ही विसरू देणार नाही.

मामा : हं. आणि पायलट होण्याची कुवत तपासणारं ते यंत्र? माझ्या वेळी त्याला पीएबीटी म्हणायचे, आता संगणकावर असते चाचणी. आयुष्यात एकदाच देता येते. त्यात गेलास, की उड्डाण शाखा कायमची बंद.

भाचा : माहीत आहे.

मामा : नुसतं माहीत असून भागत नाही. परत युनिटला यायचं, त्याच शिडीवर चढायचं, दुसऱ्याचे पट्टे आवळायचे, आणि रोज मनात, यंत्राने मला नको म्हटलंय. आज चढतोस तेव्हा तुला वाटतं, मीही झालो असतो. चाचणी न दिलेला माणूस मनातल्या मनात जन्मभर पायलट असतो रे. ते सुख घालवणार?

भाचा : तुम्ही दिली होती?

मामा : नाही.

भाचा : म्हणजे तुम्ही अजून पायलट आहात.

मामा हसले खरे, पण मग कपबशी आत ठेवायला स्वतःच उठून गेले. परत आल्यावर त्यांनी तत्त्वज्ञान सोडलं आणि हिशेबावर आले.

मामा : कोर्स सुरू होतो त्या दिवशी तुझं वय किती?

भाचा : आत्ताच्या जाहिरातीला बसलो तर चोवीसच्या आत. पुढच्या वेळी बाहेर.

मामा : कमांडिंग ऑफिसरची परवानगी?

भाचा : अर्ज दिलाय.

मामा : आणि ॲफकॅटचं कमिशन चौदा वर्षांचं. इथे वीस वर्षं काढलीस तर पेन्शन ठरलेली.

भाचा : सीडीएसचाही फॉर्म भरलाय. तिथून पर्मनंट मिळतं. वयाची अट तीच.

मामा : दोन्हीकडे हुकलास तर डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज आहे. सत्तावीसपर्यंत घेतात, दोन वर्षं नोकरी झालेली हवी. तीन वर्षं तिथे, एक वर्ष इंडियन मिलिटरी अकादमीत. पूर्वी हे कॉलेज पुण्यात होतं, १९७७ पर्यंत. लेफ्टनंट झालास की आर्मी एव्हिएशन मागायचं. मिळालं तर हेलिकॉप्टर शिकायला कुठे पाठवतील, सांग.

भाचा : गांधीनगर.

मामा : आपल्या नाशिकरोडचं गांधीनगर. म्हणजे उडण्यासाठी हवाई दल सोडून लष्करात जायचं आणि घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर परत यायचं. आईला हे आधी सांग, बाकीचं नंतर.

इथे मी दोघांना सोडतो, कारण पुढे फॉर्म, फोटो आणि झेरॉक्सची बोलणी झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाच्याने परीक्षा द्यावी, हे उघड आहे. चाचणी न देण्यातलं मामांचं सुख खरं असलं तरी ते तेविसाव्या वर्षी घेण्याचं नाही. ज्या मुद्द्यावर दोघंही गप्प बसले, तो मात्र मला गप्प बसण्यासारखा वाटत नाही. उड्डाण शाखेची वयोमर्यादा २४. ज्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे, त्याला ॲफकॅटमध्ये २६ पर्यंत सवलत. म्हणजे सव्विसाव्या वर्षीही माणसाची नजर, हात आणि डोकं लढाऊ उड्डाण शिकण्याजोगं असतं, हे हवाई दलाला मान्य आहे. तो परवाना मिळवायला कित्येक लाख रुपये लागतात. ते ज्याच्या बापाकडे आहेत, त्याला दोन वर्षं जास्त मिळतात. ज्याने तीच वर्षं धावपट्टीच्या कडेला लढाऊ विमानं तयार करण्यात घालवली, रात्री दिव्याखाली बसून पदवी मिळवली, त्याला एक दिवसही नाही. लष्कर आपल्या जवानासाठी सत्ताविसाव्या वर्षापर्यंत दार उघडं ठेवतं. हवाई दलाने आपल्या वायुसैनिकासाठी सव्विसाव्यापर्यंत ठेवावं. परीक्षा तीच, यंत्र तेच, संधी एकच. सवलत फक्त वयाची, नोकरीत गेलेल्या वर्षांच्या बदल्यात.

हा बदल होईल तेव्हा होईल. ज्यांच्या घरातला मुलगा गणित-भौतिकशास्त्र घेऊन बारावी झालाय आणि वायुसैनिक म्हणून भरती झालाय, त्यांनी त्याला पदवीचा फॉर्म पहिल्याच वर्षी भरायला सांगावं. जितका उशीर होईल, तितकं चोवीसचं गणित अवघड होतं.