देवदूताचे असत्य

शंका : ‘गुड ओमेन्स’ ही इंग्रजी मालिका माझी नातवंडे आवडीने पाहतात. तीत देवदूत खोटे बोलतो आणि नरकाचा हस्तक दया दाखवितो. अशाने मुलांचा पापपुण्यविवेक डळमळणार नाही काय?

समाधान : टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांच्या १९९० च्या कादंबरीवरून निघालेल्या या मालिकेत स्वर्ग व नरक या दोन कचेऱ्याच आहेत, वरून फर्मान सुटावे आणि खालच्या अंमलदाराने ते निमूटपणे बजावावे, यापलीकडे दोन्हीकडे विवेकाला मुभा नाही. बायबलातील भक्त ईयोबाची कसोटी पाहण्यासाठी त्याच्या निरपराध मुलांच्या संहाराचा परवाना जेव्हा मिळतो, तेव्हा तो घेऊन आलेला नरकाचा हस्तक क्रॉली त्यांना गुपचूप वाचवितो, आणि ही तीच मुले नसून नव्याने दिलेली आहेत, अशी साक्ष देवदूत अझिराफेल आपल्या वरिष्ठांपुढे देतो. हे पाप म्हणावयाचे, तर कर्णपर्वातील कौशिकाला पुण्यवान म्हणावे लागेल! सत्यव्रत अभंग राखण्यासाठी त्याने लपलेल्या माणसांचा ठाव दरोडेखोरांना सांगितला आणि तो नरकात गेला. श्रीकृष्णाने सांगितलेल्या या कथेहून मोठा आधार मी शोधीत नाही.

मला चीड येते ती निराळ्याच गोष्टीची. २०१९ साली अमेरिकेतील वीस हजारांहून अधिक धर्मनिष्ठांनी ही मालिका बंद करावी म्हणून सह्यांचा अर्ज केला, तो नेटफ्लिक्सकडे. मालिका होती ॲमेझॉनची! ज्यांनी दारावरची पाटी वाचली नाही, त्यांनी आतल्या पापाचा निवाडा करावा, याला श्रद्धा कसे म्हणावे? परंतु त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला तरी कोठे आहे? आपला यजमान संकल्पाचा अर्थ न विचारता सांगितल्याबरोबर ‘मम’ म्हणतो. आणि अर्थ विचारणाऱ्याला नास्तिक ठरविणारा उपाध्याय दक्षिणेचा आकडा तेवढा स्वच्छ मराठीत सांगतो. आज्ञापालन म्हणजेच धर्म, ही समजूत ज्या घरात रुजली, तेथील विवेक मालिका येण्यापूर्वीच गेलेला असतो.

तथापि नातवंडांना एक गोष्ट अवश्य दाखवा. खोटी साक्ष दिल्यावर अझिराफेल स्वतःला पतित समजतो आणि नरकात जाण्याच्या तयारीने क्रॉलीची वाट पाहतो. क्रॉली त्याला नेत नाही, हा भाग निराळा. उद्या परीक्षेत नक्कल करून आलेल्या नातवाने या देवदूताचा दाखला दिला, तर त्याला एवढेच विचारा : तुझ्या खोटेपणाने कोणाचे प्राण वाचले, आणि नरकात जाण्याची तयारी तू केव्हा केली होतीस?