आधाराची काठी केव्हा काढावी?

पावसाळा आला की वरळीत रोपे लावण्याची धांदल उडते. खड्डा खणला जातो, रोप उभे राहते, हातांची माती झटकली जाते आणि मंडळी पांगतात. आपले कर्तव्य येथे संपले, की येथे सुरू झाले? आम्हांस हा प्रश्न बागकामाचा कमी आणि नीतीचा अधिक वाटतो. कारण रोप आपल्या इच्छेने तेथे आलेले नसते. रोपवाटिकेत त्याला सावली होती, रोजचे पाणी होते. आपण त्याला उचलले आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, भरावाच्या निबर मातीत आणून ठेवले. पाऊस सरल्यावर पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. ऑक्टोबरच्या उन्हात त्याची मुळे पिशवीतल्या मातीच्या गोळ्याबाहेर फारशी गेलेली नसतात. रोप मरते ते बहुधा पुढे, कोणी पाहायला नसताना.

आपल्या राज्यातील शहरांतल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन, तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी, असे ठरले. हिशेब चोख आहे. मात्र साठ वर्षांच्या वृक्षाच्या बदली लावलेल्या साठ रोपांची सावली पहिल्या उन्हाळ्यात एका वाटसरूलाही पुरत नाही. मोबदला खड्ड्यांच्या संख्येत नसून त्या सात वर्षांत आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराचे झाड वाचकांना ठाऊक आहे. धनी ते तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. आम्हांस त्याची याचना मोलाची वाटते ती तिच्यासोबतच्या श्रमामुळे: भोवती खणण्याचे, खत घालण्याचे काम तो स्वतःकडे घेतो. (खताची घाई मात्र कोवळ्या रोपाला करू नये. ते झाड जुने होते!)

परंतु निगा म्हणजे लाड नव्हेत, आणि खरी अडचण येथेच आहे. रोज तांब्याभर पाणी घातले की मुळे वरच्या वर राहतात. पहिले काही आठवडे सरले की आठवड्यातून एकदोनदा, सावकाश, भरपूर द्यावे, म्हणजे ती खाली उतरतात. आळे खोडाशी न करता थोडे दूर करावे. पालापाचोळ्याचे आच्छादन चांगले, पण ते बुंध्याला टेकले की साल कुजते. लावतानाही बुंधा मातीत पुरू नये. भेंडी, उंडी, करंज यांना खारा वारा सोसतो. वरळीत नाजूक झाडाचा हट्ट धरणे ही आपली हौस, रोपाचे हित नव्हे.

काठीचे तसेच. वाऱ्याने खोड थोडे हलल्यानेच ते बळकट होते. करकचून बांधलेले रोप सरळ दिसते, परंतु आतून दुबळे राहते. लेकरे वाढविणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. बांधायचे तर मऊ कापडाच्या पट्टीने, सैलसर. आणि साधारण वर्षभराने मूळ धरले असल्यास काठी काढावी. लोखंडी कठडाही वेळीच हटवावा, नाहीतर खोड वाढून त्यात रुतते. काठी पुढच्या रोपाला चालेल. तारेचा तुकडा मात्र असेल तर टाकून द्यावा.