वेगाची जाणीव

आपल्या हातून काय घडत आहे याची जाणीवच आपणांस होऊ नये, अशी व्यवस्था मनुष्याने स्वतः पैसे मोजून करून घेतली, तर पुढे घडणाऱ्या अनर्थाचा दोष त्याच्याकडे कितपत येतो? हा प्रश्न आम्ही वर्गात अनेकदा घातला आहे. परंतु गेल्या हिवाळ्यापर्यंत तो आमच्यापुरता पुस्तकीच होता. तो पुस्तकाबाहेर आला एका मोटारीमुळे.

ती मोटार आमची नव्हे. आमचा एक जुना विद्यार्थी आता रस्त्यांची कंत्राटे घेतो. महिनाभर परदेशी जाताना तो ती आमच्या माजलगावच्या घराच्या अंगणात ठेवून गेला. "सर, नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते. आठवड्यातून दोनदा तरी तिला फिरवून आणा," एवढेच त्याचे मागणे. गाडी जर्मन बनावटीची. जिपेसारखी उंच, आतून दिवाणखान्यासारखी सजविलेली, आणि पोटात शर्यतीच्या गाडीचे यंत्र. वजन सव्वादोन टन, सामर्थ्य पाचशेहून अधिक घोड्यांचे. आपल्या देशातील सर्वांत मोकळ्या द्रुतगती मार्गावरही ताशी १२० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाण्यास कायद्याची मुभा नाही. ही गाडी त्याच्या दुपटीस सहज पोहोचते, असे तिची माहितीपुस्तिका सांगते. जे सामर्थ्य कोठेच वापरावयाचे नाही ते विकत का घ्यावे, हा आमचा पहिला, आणि आता वाटते की उथळ, आक्षेप होता.

या जातीच्या गाड्या फार जुन्या नव्हेत. शर्यतीच्या गाड्यांसाठी नावाजलेल्या पोर्शे कंपनीने २००२ साली 'कायेन' बाहेर काढली, तेव्हा तिच्या जुन्या भक्तांना तो धर्मबुडवेपणा वाटला होता. पुढे लॅम्बोर्गिनीनेही 'उरूस' काढली. माजलगावच्या रहिवाशास या दुसऱ्या नावाची विशेष मौज वाटावी; कारण फेरुचिओ लॅम्बोर्गिनी या गृहस्थाने १९४८ साली इटलीत प्रथम काढला तो ट्रॅक्टरचा कारखाना, आणि मोटारींकडे तो वळला १९६३ साली. आमच्या रस्त्यावर ज्या दोन वाहनांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर दिसते, ती दोन्ही एकाच माणसाच्या नावाने धावली आहेत. आणि मराठवाड्याने हे अंतर आणखी एका रीतीने पाहिले आहे. २०१० सालच्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, धनिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या. त्यांसाठी बँकेने सात टक्के व्याजाने कर्ज दिले, आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मात्र त्याहून पुष्कळ चढे व्याज पडे, ही विसंगती पी. साईनाथ यांनी तेव्हाच जगापुढे मांडली होती. ते वाचून आम्हीही यथास्थित संतापलो होतो. दुसऱ्याच्या मोटारीवर संतापणे सोपे असते.

आमच्या विद्यार्थ्याचे प्रकरण तितके सोपे नाही. तो धारूरच्या डोंगराकडील ऊसतोड कामगाराचा मुलगा. दसरा उलटला की मुकादमाची उचल अंगावर घेऊन आईबाप साखर कारखान्यांच्या मुलखात जात आणि हा त्यांच्यामागे. 'कोयता' म्हणजे एक नवराबायकोचे जोडपे, हा हिशेब बीड जिल्ह्यातील पोरांस अंकलिपीच्या आधी कळतो. गाडीच्या किल्ल्या देताना तो म्हणाला, "सर, लहानपणी थंडीत उसाच्या मोळ्यांवर निजलो आहे. रात्रभर चाकांचा आवाज डोक्यात घुमायचा. ही घेतली ती धावते म्हणून नव्हे. काच लावली की बाहेरचे काही ऐकू येत नाही म्हणून." यावर काय बोलावे? ज्याने अर्धे आयुष्य धूळ खाल्ली त्यास निःशब्द काचेचा अधिकार नाही, असे पगारी प्राध्यापकाने कोणत्या तोंडाने सांगावे?

ते सुख कसले, हे आम्हांस लवकरच कळले. पहिले दोन दिवस गाडीने आमची फजितीच केली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ती वळेना. बाजारात तर हातगाडीवाल्यांनीच आम्हांस वाट करून दिली, आणि त्या आदराने आम्ही ओशाळलो. सौभाग्यवतींनी एकदाच आत बसून, "इथे बसले की आपण कुणाच्या तरी लग्नाला निघालोत असं वाटतं," असा अभिप्राय दिला आणि पुन्हा रिक्षाच पत्करली. परंतु गावाबाहेर कल्याण-निर्मल महामार्गास लागल्यावर निराळेच जग सुरू होई. खड्डे आहेत, पण ते दुसऱ्या कोणासाठी. वारा आहे, पण चित्रातला. पाय किंचित दाबावा आणि क्षितिज जवळ यावे. आम्हांस हे आवडले. नुसते आवडले नाही. आठवड्यातून दोनदाच्या जागी आम्ही रोज निघू लागलो, आणि बॅटरीची काळजी हे त्याचे कारण घरात सांगू लागलो.

एके सायंकाळी गढीहून परतत होतो. आमच्या समजुतीने वेग सत्तरचा असावा. समोर अंधारात अकस्मात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उभा राहिला; मागे दिवा नाही, आणि रस्त्याच्या कडेला एक बाई मुलाचा हात धरून चाललेली. आम्ही पाय दाबला. गाडी अतिशय उत्तम रीतीने थांबली, हे कबूल केले पाहिजे. थांबण्यापूर्वी आकड्यांकडे नजर गेली होती: १२८. बाईने मुलास ओढून उसावर जवळजवळ लोटले होते. तिचे तोंड उघडलेले दिसले. आवाज आला नाही. काच बंद होती. आम्ही ती खाली करीपर्यंत ट्रॅक्टर हलला होता, आणि आत आला तो त्याच्यावर लावलेल्या गाण्याचा कर्कश सूर. ती काय ओरडली हे आम्हांस कधीच कळणार नाही.

त्या रात्री आम्ही स्वतःची बाजू मांडून पाहिली. वेग कळलाच नाही, हे खरे होते. आमच्या जुन्या गाडीत ऐंशी ओलांडले की दारे थरथरतात, सुकाणू हाताशी भांडते, पोटात भीती उठते. ती भीती म्हणजे दुसऱ्याच्या जिवाची बातमी आपल्या शरीरापर्यंत पोहोचविणारा दूतच होय. साठाचा वेग १२० झाला की आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते, हे पदार्थविज्ञान आम्ही शाळेत शिकलो. परंतु चालविताना ते स्मरणाने नव्हे, थरथरीने कळते. या गाडीत तो दूत दारातच अडविलेला असतो, आणि त्यासाठीच तर ती महाग असते. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात इंद्रिये हे घोडे आहेत. येथे घोडे पाचशेंवर आणि इंद्रिये काचेबाहेर.

मग न कळणाऱ्याचा दोष तो काय? येथे ॲरिस्टॉटल आडवा आला. नीतिशास्त्रावरील ग्रंथात तो सांगतो की, मद्यधुंद अवस्थेत केलेल्या अपराधास दुहेरी शिक्षा ठेवलेली असे. कारण न पिणे त्या मनुष्याच्या हाती होते आणि त्याचे अज्ञान त्याने स्वतः ओढवून घेतलेले होते. आम्ही म्हटले, आम्ही तर प्यालो नव्हतो. आणि तेव्हा आठवले की गाडी मुळीच मुकी नव्हती. २०१९ पासून आपल्याकडील नव्या मोटारींस ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर अखंड वाजणारी सूचना बंधनकारक आहे. ती त्या सायंकाळीही वाजतच होती. पहिल्या दिवशी तिने आम्ही दचकलो होतो. चौथ्या दिवशी ती कानांस देवळाशेजारच्या घराला घंटा असावी तशी झाली होती. यंत्राने बातमी दिली होती; घेतली नाही ती आम्ही.

विद्यार्थ्याविषयी मात्र आमचा निवाडा अजून होत नाही. त्याची शांतता त्याने कमावली आहे, आमची उसनी होती. पण त्या ट्रॅक्टरमागचा मुलगा त्यास आमच्यापेक्षा अधिक ओळखीचा असावयास हवा, आणि काचेआड त्यालाही तो तितकाच मुका.

तो परतल्यावर आम्ही सर्व हकीकत सांगितली. आकडासुद्धा लपविला नाही. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ती टुणटुण मला पण नकोशी होते. एक मेस्त्री आहे, तो बंद करून देतो म्हणाला होता." "मग?" आम्ही विचारले. त्याने किल्ल्या खिशात टाकल्या आणि आईस दवाखान्यात न्यावयाचे आहे म्हणून निघाला. आम्ही फाटकाशी उभे राहून पाहत होतो. पुढच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ती सरेपर्यंत त्याची गाडी मागे उभी होती, आणि तिच्या चारही काचा खाली होत्या. त्या त्याने आमच्यासाठी केल्या होत्या की थंड हवेसाठी, हे आम्ही त्यास विचारलेले नाही.