रस्त्यावर आधी कोण?

मुंबईत मोहम्मद अली रोडवर एकावर एक असे दोन रस्ते आहेत. वर २००२ साली सुरू झालेला जे. जे. उड्डाणपूल आणि खाली जुना रस्ता. वरून मोटारी न थांबता जातात. पायी चालणाऱ्याला तिथे जागा नाही आणि दुचाकींनाही २०१० पासून बंदी आहे. खाली मात्र बस, टॅक्सी, हातगाड्या, डोक्यावर ओझे घेतलेले हमाल, शाळेतून परतणारी मुले, म्हातारी माणसे असे सगळेच एकत्र येतात. पूल बांधल्याने वाहनांचा खोळंबा कमी होतो. एकत्र चालण्याचा प्रश्न खालीच राहतो. समोरासमोर आल्यावर आधी कोणी थांबायचे, हा प्रश्न बांधकामाचा नाही, नीतीचा आहे.

आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा हॉर्न देतो. ज्याची गाडी मोठी, त्याचा रस्ता. ट्रकला मोटार वाट देते, मोटारीला रिक्षा, रिक्षाला सायकल आणि पायी चालणारा सर्वांनाच. कोणी त्याच्यासाठी थांबलेच, तर तो हात वर करून आभार मानतो. वास्तविक पांढऱ्या पट्ट्यांजवळ वेग कमी करून पादचाऱ्याला आधी जाऊ देणे, हे कायद्यानेच चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. जे त्याच्या हक्काचे, तेच त्याला मेहरबानी म्हणून मिळते.

चालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. लोक कुठूनही रस्ता ओलांडतात, मोबाइलवर बोलत मधूनच चालतात. यात खोटे काही नाही. फूटपाथ दुकानांच्या मालाने आणि उभ्या दुचाकींनी अडलेला असतो, हेही तितकेच खरे. पण घटकाभर चूक दोघांची सारखी धरू. शिक्षा सारखी होते काय? एकाच्या गाडीचा दिवा फुटतो, दुसऱ्याचे हाड मोडते, नाहीतर जीव जातो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणून आम्हांला वाटते, इथे कर्तव्याची समसमान वाटणी न्यायाची नाही. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर जबाबदारीही अधिक.

ही जबाबदारी नुसत्या चांगल्या मनाने पार पडत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर संपते. वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. म्हणजे सौजन्य दाखवायचे, तर ते माणूस समोर येण्याआधीच दाखवावे लागते. शाळेपुढे, दवाखान्यापुढे, बाजाराच्या तोंडाशी वेग आधीच उतरलेला हवा.

सौजन्यालाही भान लागते. आपण थांबतो आणि ‘या, या’ म्हणून हाताने खूण करतो. पण शेजारून येणारी मोटारसायकल त्या माणसाला दिसत नसते. आपला चांगुलपणाच त्याच्या जिवावर बेतू शकतो. आपण थांबावे; पाऊल केव्हा टाकायचे, हे त्याला पाहून ठरवू द्यावे. आणि पायी चालताना आपणही उभ्या बसच्या पुढून धावू नये, मुलाला रहदारीच्या बाजूने चालवू नये. हक्क आपला असला, तरी जीवही आपलाच असतो.

घरी आलेल्या पाहुण्याशी आपण अदबीने वागतो. तो ओळखीचा असतो, उद्या नाव ठेवील ही धास्तीही असते. रस्त्यावरचा माणूस अनोळखी, बहुधा पुन्हा कधी न भेटणारा. त्याच्यासाठी थांबलो म्हणून कोणी वाहवा करत नाही. न थांबलो तर कोणी जाब विचारत नाही. आपली अदब मनातली की दाखवण्यापुरती, हे तिथेच कळते. काठी टेकत निघालेला तो म्हातारा पलीकडे पोहोचेपर्यंत आपला फार तर अर्धा मिनिट जातो.