दोष बीजाचा कीं रोपवाटिकेचा?

"खाण तशी माती," ही म्हण आपल्या गांवांत पुष्कळदां ऐकूं येते. एखाद्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुलगा वाईट मार्गास लागला, कीं लोक म्हणतात, "मूळच तसें, तेथें उपदेशक काय करणार?" दुःखाची गोष्ट ही कीं, आपल्या मंडळीचे वडीलही कधीं कधीं असेंच बोलतात. हें बोलणें खरें आहे काय?

मलेशिया देशांत तेलमाडाची मोठी लागवड आहे. तेथें उत्तम फळणाऱ्या एका झाडाच्या लहानशा अंशापासून प्रयोगशाळेंत पुष्कळ रोपें वाढवितात. सर्वांचें मूळ एकच. तरी कांहीं झाडांस विकृत फळें येतात व तेल थोडें निघतें. ह्याचें कारण सन २०१५ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. गीतांचें पुस्तक सर्व मंडळ्यांत एकच असतें, परंतु उपासनेंत कोणतें गीत गावयाचें, हें पानांत ठेविलेल्या खुणांवरून ठरतें. त्याचप्रमाणें वनस्पतीच्या वंशसूत्रांवर सूक्ष्म रासायनिक खुणा असतात, व त्या कांहीं भागांस मुके ठेवितात. ह्या झाडांत वंशसूत्राचीं अक्षरें बदललीं नव्हतीं. प्रयोगशाळेंतील वाढींत एका ठिकाणच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. त्या ठिकाणास शास्त्रज्ञांनीं 'कर्म' असें नांव दिलें आहे; परंतु हें कर्म पूर्वजन्मींचें नव्हे, तर संगोपनाच्या काळांतलें! आतां लहान रोपाच्या पानावरूनच ही पारख करितां येते. ह्या विद्येनें इतर पिकांचेंही हित होईल, अशी आशा आहे.

मनुष्य झाड नव्हे, आणि झाडावरून आत्म्याविषयीं सिद्धांत काढूं नये, हें आम्ही जाणतों. तथापि झाडाविषयींही केवळ मूळ पाहून निकाल देतां येत नाहीं, तर लेंकरांविषयीं तो कोणत्या आधारानें द्यावा? बापाच्या पापाचा डाग पुत्रास लावणाऱ्या म्हणीचा यहेज्केल संदेष्ट्यानें १८ व्या अध्यायांत निषेधच केला आहे.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. निकामी रोप उपटून टाकण्याचा अधिकार मळेवाल्यास आहे. आपणांस तो दिलेला नाहीं. प्रभूच्या दाखल्यांतील माळ्यानें निष्फळ अंजिरासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें, आणि त्याच्याभोंवतीं खणून खत घालण्याचें काम स्वतःच्या शिरावर घेतलें.

तर बंधुजनहो, ज्या मुलास आपण नांवें ठेवितों, त्याच्या घरीं गेल्या वर्षांत आपण किती वेळां गेलों?