ढोरवाट

महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर कळसूबाई, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दुसरे साल्हेर. तिसरे कोणते, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. त्याचे नाव घनचक्कर. अकोले तालुक्यात, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधल्या डोंगररांगेत ते उभे आहे. उंची १५३२ मीटर. नाव ऐकून हसू येते ना? मलाही आले होते.

पावसाळा सरल्यावर आम्ही चौघे निघालो. पायथ्याशी गुरे राखणाऱ्या एका बाबांनी बजावले, "धारंनं जावा. रुंद वाट दिसंल, ती ढोरांची हाय. तिला भुलू नका." मी मान डोलावली, पण मनात म्हटले, मोबाईलमध्ये नकाशा आहे की!

वर कारवी लागली. डोक्याएवढी, दाट. तिच्या काठ्यांचे कूड करून, शेणामातीने लिंपून घरांच्या भिंती होतात. सात-आठ वर्षे ती बिनफुलांची उभी असते, मग एकदाच फुलते आणि वाळून जाते. त्या रानात शिरल्यावर शिखर दिसेना, मागचा सोबतीही दिसेना. तेवढ्यात छान मळलेली वाट दिसली. मी पुढे होतो, तिलाच लागलो. दीड तास चाललो. वाट एका ओढ्याजवळ, हिरव्या गवतात संपली.

तिथे बसून बाबांचे शब्द आठवले. ढोरवाट काही खोटी नव्हती. गुरांना चारा-पाणी हवे होते, तिने तिथेच बरोबर नेले. त्यांना शिखर नकोच होते, मला हवे होते.

आपल्या मनातही अशा मळलेल्या वाटा आहेत. डोळे मिटून बसलो की मन सहज निघते : त्या दिवशी तो मला असे का बोलला, मी काय उत्तर द्यायला हवे होते... किती सवयीची वाट! रोज चालून आपणच ती रुंद केली आहे. आणि चालणे चालू असल्यामुळे साधना चालू आहे असेच वाटत राहते.

मग दाट रानात ओळखायचे कसे? आम्ही परत फिरून धार गाठली आणि एवढेच पाहिले की पायाखाली चढ आहे ना. तुम्हीही ध्यानात प्रकाश दिसला का, नाद ऐकू आला का, हे शोधत बसू नका. काल घरात तुमचा आवाज चढला, तो किती वेळाने उतरला? गेल्या वर्षी किती वेळ लागत होता? चूक कळल्यावर धाकट्यापुढेही ती कबूल करता आली का? हा चढ ज्याचा त्यालाच कळतो. इतरांना तो दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही.

दुपार उलटून गेल्यावर माथ्यावर पोहोचलो. वारा होता. चौघेही बराच वेळ काही बोललो नाही.

उतरलो तेव्हा बाबा गुरे वळवत होते. मी हात जोडून म्हणालो, "बाबा, तुमचं ऐकलं नाही, चुकलो." त्यांनी माझ्या ओरखडलेल्या हातांकडे पाहिले आणि विचारले, "पाणी पुरलं का?"