शनिवारी थांबणारा घाणा

साधन वापरणारा माणूस त्या साधनाचा धनी केव्हा ठरतो, या प्रश्नाला रायगडच्या किनाऱ्यावर एक जुने उत्तर उपलब्ध आहे. ते ग्रंथ लिहून नव्हे, तर अलिबाग, रेवदंडा, पेण आणि आसपासच्या गावांतील बेने इस्रायल समाजाने पिढ्यानपिढ्या शनिवारी आपला तेलघाणा बंद ठेवून ते दिले. मोबाईल फोनवाचून व्यवहार, प्रवास, शिक्षण आणि देवदर्शनही अडू लागलेल्या आजच्या काळात या उत्तराचा नव्याने विचार होणे आवश्यक आहे.

बेने इस्रायल हा मराठी बोलणारा यहुदी समाज होय. परंपरेनुसार अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही घटना केव्हा घडली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला, गावांच्या नावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे घेतली, आणि शनिवारी काम न करणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. काळाच्या ओघात हिब्रू भाषा, धर्मग्रंथ आणि बहुतेक प्रार्थना त्यांच्या विस्मृतीत गेल्या. मागे राहिली ती ‘शेमा’, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारी प्रार्थना, सुंता, आहाराचे काही निर्बंध आणि शनिवारचा विसावा. पुढे कोचीनच्या यहुद्यांकडून त्यांना पुन्हा शास्त्र शिकायला मिळाले, आणि 1796 मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. ग्रंथ हरवूनही जो समाज आपली ओळख टिकवू शकला, त्याच्या टिकून राहण्यात आठवड्यातून एकदा हात थांबवण्याच्या या आचाराचा वाटा फार मोठा होता, असे मानावे लागते.

तेल्याच्या घरात हा विसावा प्रत्यक्ष कसा दिसत असेल, हे घाण्याच्या रचनेवरून कळते. उखळात खोबरे किंवा तीळ, त्यात फिरणारी लाकडी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड आणि त्याला जुंपलेला, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, असा हा संच असतो. बैल चालला की तेल गळते आणि तो उभा राहिला की कमाई बंद पडते. यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्याने शुक्रवारी दिवस मावळताच बैल सोडायचा आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत त्याला पुन्हा जुंपायचे नाही, असा हा नियम होय. ‘शब्बाथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विश्रांतीची आज्ञा बायबलच्या निर्गम या ग्रंथात आहे, आणि तिचा विस्तार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कारण ती केवळ घरधन्यापुरती नसून मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरे आणि दारी आलेला परका या सर्वांना लागू होते. बैलाला राबवून धन्याने घेतलेली विश्रांती या विचारात विश्रांतीच ठरत नाही.

भारतीय परंपरेत संयमाचा विचार उणा नाही. पातंजल योगातील ‘प्रत्याहार’, म्हणजे इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून मागे घेणे, हे आठ अंगांपैकी पाचवे अंग होय. ‘अपरिग्रह’, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवणे, हे यमांत मोडते. क्षणाक्षणाला पडद्याकडे धावणाऱ्या लक्षावर प्रत्याहार हा उपाय सुचतो खरा. परंतु तो ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हाती आहे अशा साधकाला गृहीत धरतो. ज्याची रोजची मजुरीच फोनवर येणाऱ्या निरोपावर ठरते, त्याला इंद्रियनिग्रहाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. एकट्याने थांबणाऱ्याचे नुकसान होते आणि शेजाऱ्याचा फायदा. सर्वांनी मिळून थांबल्यास मात्र कोणीच मागे पडत नाही. किनाऱ्यावरील कोळी समाज हे तत्त्व चांगले जाणतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो आणि मगच मासेमारीचा नवा हंगाम मानला जातो. शासनानेही माशांच्या प्रजननकाळासाठी 1 जून ते 31 जुलै अशी बंदी घातलेली आहे. एकाची होडी उभी असते तेव्हा सर्वांचीच उभी असते, म्हणून तो काळ निभावता येतो.

आजचे अवलंबित्व या दृष्टीने पाहिले तर त्यातील खरी अडचण स्पष्ट होते. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेनंतर मासळी बाजारातल्या टोपलीशेजारीही स्कॅनर दिसू लागला. रेशन दुकानात सहसा अंगठा उमटल्याशिवाय धान्य मिळत नाही आणि रेंज नसेल तर अंगठाही उमटत नाही. सातबारा, पीक पाहणी, शाळेचा निरोप, बँकेचा ओटीपी, सारे एकाच यंत्रातून येते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांतील अनेक गावांत वीज आणि मोबाईल सेवा कित्येक दिवस बंद राहिली. नातेवाइकांची खुशालीही कळेना अशा त्या दिवसांना विसावा म्हणता येणार नाही. यंत्रे थांबली होती, पण ती माणसांनी थांबवली नव्हती. बळजबरीने आलेल्या खंडातून अवलंबित्व उघडे पडते, स्वातंत्र्य मात्र मिळत नाही.

यावरून यंत्रच टाकून द्यावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याच वादळाचा इशारा आधी पोहोचला म्हणून किनाऱ्यावरील असंख्य लोकांना वेळीच हलवता आले, आणि खोल समुद्रातील खलाशाला आज जीपीएस व वायरलेस हाच आधार असतो. यहुदी धर्मशास्त्राने या पेचाचाही विचार केलेला आहे: ‘पिकुआख नेफेश’, म्हणजे जीव वाचवण्याचे कर्तव्य, शब्बाथच्या जवळजवळ प्रत्येक निर्बंधाहून वरचढ मानले जाते. पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबा भाव्यांनीही विज्ञानाला कधी शत्रू मानले नाही. विज्ञान आणि अध्यात्म यांचा मेळ हाच त्यांच्या चिंतनाचा आग्रह होता. साधन नाकारण्यात नव्हे, तर ते ठरल्या वेळी, सर्वांनी मिळून आणि कोणालाही न वगळता खाली ठेवण्यात शब्बाथचे बळ आहे.

हे आजही शक्य असल्याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे. हा नियम पाळण्यासाठी एकेका मुलाने मनोबल गोळा करण्याची गरज उरत नाही, कारण शेजारच्या घरातला पडदाही त्या वेळी काळाच असतो. येथे धर्मग्रंथाची जागा ग्रामसभेच्या ठरावाने घेतली आहे.

तथापि या प्रयोगात एक उणीव राहते, आणि ती जुन्या आज्ञेच्या कसोटीवरच दिसते. घरातले पडदे बंद असताना घरपोच सामान पोहोचवणारा तरुण, पर्यटकांच्या मागणीची वाट पाहत मांडव्याच्या जेट्टीवर उभा असलेला रिक्षावाला आणि रेशनच्या रांगेतली वृद्धा यांचे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. त्यांच्या वाट्याला थांबण्याचा अधिकार यावा असे वाटत असेल, तर अंगठ्याऐवजी सहीने धान्य देणारी वही, रोकड घेणारी तिकीट खिडकी आणि कागदावर अर्ज स्वीकारणारा कारकून या सोयी मोडीत काढता कामा नयेत. ग्रामपंचायतींनी आणि शासनाने त्या राखाव्यात, आणि किनाऱ्यावरील देवस्थाने, मशिदी व प्रार्थनामंदिरे यांनी आपल्या भाविकांसाठी आठवड्यातील एक संध्याकाळ एकत्र ठरवावी.